कंसाआधी वजा आला की: एकचल समीकरणं नव्याने शिकणाऱ्यांसाठी

क्ष + ५ = १२ सगळ्यांना येतं. गाडी अडते ती कंसापाशी, आणि तिथेही बहुतेक वेळा एकाच जागी.

४(क्ष − ३) − ३(क्ष − ५) = १०

पहिला कंस सुटला की ४क्ष − १२. दुसऱ्या कंसाचा गुणक मात्र ३ नाही, −३ आहे. तो आतल्या दोन्ही पदांना लागतो: −३क्ष, आणि −३ × −५ म्हणजे +१५. आता सजातीय पदं एकत्र करा: क्ष + ३ = १०, क्ष = ७. घाईत −१५ लिहिलं की क्ष − २७ = १० होतं आणि उत्तर येतं ३७.

म्हणून कंस सोडवण्याआधी पेन्सिलीने −३ला चिन्हासकट गोल करा. चाळीसगावजवळच्या पाटण इथे शके ११२८च्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे, ते भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावरच टिंब देत. चिन्ह संख्येपासून सुटतच नसे. ही सवय आजही कामाची आहे.

गुणक दोन्ही पदांना का लागतो, हे रावेर-यावलकडे केळीच्या हिशोबात चटकन दिसतं. भाव क्विंटलला क्ष रुपये, क्विंटलमागे कपात ५० रुपये, माल १२ क्विंटल, हातात आले १६,८०० असं धरा. १२(क्ष − ५०) = १६,८००. इथे १२क्ष − ५० लिहिलं, तर कपात एकाच क्विंटलची धरली. उरलेल्या ११ क्विंटलची ५५० रुपये कपात हिशोबातून गळाली. खरं तर हा कंस सोडवायचीही गरज नाही. दोन्ही बाजूंना १२ने भागा: क्ष − ५० = १,४००, भाव १,४५०.

३ + २(क्ष − १) = २५ मध्ये आधी ३ + २ करून ५(क्ष − १) = २५ लिहिणारे पुष्कळ. उत्तर ६ असं गोंडस येतं, त्यामुळे शंकाही येत नाही. कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) आठवा: २ कंसाला गुणलेला आहे, बेरीज नंतर. बरोबर उत्तर १२.

अपूर्णांकाची आडवी रेघ हाही न दिसणारा कंसच.

(क्ष + १)/२ − (क्ष − ३)/४ = ४

वहीत रेघ मारली की अंशाभोवती कंस नसतो. लसावि ४ने गुणताना तो स्वतः घाला: २(क्ष + १) − (क्ष − ३) = १६, म्हणून क्ष + ५ = १६, क्ष = ११. दुसऱ्या अंशाला कंस घातला नाही तर −३ तसाच राहतो आणि १७ येतं.

ताळा नेहमी मूळ समीकरणात घ्या, मधल्या ओळीत नको. वरचं चुकीचं ३७ क्ष − २७ = १० मध्ये अगदी चपखल बसतं, कारण चूक त्या ओळीच्या आधीच झालेली असते. मूळ समीकरणात ठेवलं की ४ × ३४ − ३ × ३२ = ४०. यायला हवे होते १०.