टोकोमध्ये जेवताना
नेदरलँड्समधील टोको, म्हणजे इंडोनेशियन किराणा आणि तयार जेवण एकत्र मिळणारे छोटे दुकान, येथे काचेमागे मांडलेल्या पदार्थांतून भाताबरोबर हवे ते निवडता येते. शाकाहारी व्यक्तींनी मात्र टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), शेंगदाण्याच्या रश्शातील भाज्यांचे गाडो-गाडो किंवा घेवड्याची भाजी मागण्यापूर्वी त्यात तेरासी, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा, आहे का हे स्पष्ट विचारावे, कारण तो वाटणात आणि सांबाल या मिरचीच्या ठेच्यातही बहुधा मिसळलेला असतो व पाहून ओळखू येत नाही. नारळाच्या दुधात आटवलेले रेंदांग अप्रतिम लागते, परंतु ते सहसा गोमांसाचे असते. सांबाल वेगळाच मागावा. जेवण आवडल्यास केचाप मानिस, हा दाट, गोड सोया सॉस, तेथूनच विकत घ्यावा.