वर्गमूळ सोपं करताना मोठ्या वर्गापासून सुरुवात करा

रावेर-यावलकडे केळीसाठी ६० फुटांचा चौरस आखताना कोपरा काटकोनात आहे का, हे कर्ण मोजून कळतं. पण कर्ण निघतो √(६०² + ६०²), म्हणजे √७२००, आणि इथेच बरेच जण मूळ अवयव पाडत बसतात. नववीची पोरंही. त्याची गरज नाही.

१. शेवटी दोन शून्यं दिसली की १०० काढा: १०√७२.

२. आता ७२ ला मोठ्यात मोठ्या पूर्ण वर्गाने भागा. ६४, ४९ चालत नाहीत, ३६ चालतो. ७२ = ३६ × २, म्हणून ६ बाहेर, २ आत. उत्तर ६०√२.

३. √२ साधारण १.४१४. टेपवर सुमारे ८४ फूट १० इंच.

जपा: ७२ ला ९ ने भागलं तर ३√८ येतं. चूक नाही, पण अपुरं. ८ मध्ये अजून ४ दडलेला आहे.