मेंढरांची लोकर आपोआप गळत नाही, पावसाआधी कातरायची तयारी

आमच्याकडे पाली-रोह्याच्या बाजूला दिवाळीनंतर भातं कापून झाली की घाटावरून धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी बिऱ्हाडं, उतरतात, शेतात मेंढरं बसवतात, जमिनीला लेंडीखत मिळतं आणि आपण त्यांना भात देतो. पण पाऊस यायच्या आत ते परत वर जातात, त्यामुळे लोकरीचं काय करायचं असतं हे आपल्याला कधी बघायलाच मिळत नाही. मी एका वाड्यावरून चार मेंढ्या घेतल्या तेव्हा मला वाटलेलं कुत्र्याचे केस गळतात तशी लोकर पण गळत असेल. नाही गळत. रानमेंढ्यांची गळते, लडाखातल्या उरियलची वगैरे, थंडी संपली की आतली लव सुटते, पण माणसाने हजारो वर्षं लोकर न गळणारीच जनावरं निवडून वाढवली, त्यामुळे मरिनो काय नि आपली दख्खनी काय, कातरावीच लागते. २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ कळपातून चुकलेला एक मेंढा सापडला, क्रिस नाव ठेवलं त्याचं, अंगावरून ४१.१ किलो लोकर निघाली, बिचाऱ्याला धड चालवत नव्हतं. डॉर्पर जातीची मात्र आपोआप गळते आणि आंध्रातल्या नेल्लोर जातीला तर आखूड केसच असतात, म्हणून सगळ्यात आधी आपली जात कुठली ते विचारून घ्या.

दख्खनी असेल तर मिरगाच्या बरंच आधी कातरून मोकळं व्हा. मी पहिल्या वर्षी राहू दिली आणि आषाढात एक मेंढी कोपऱ्यात उभी राहून सारखी पाय आपटायला लागली, शेपटीकडची लोकर बोटांनी फाकवली तर वरून सुकी, आत ओली गच्च, आंबूस वास आणि कातडीवर वळवळणारे किडे. गुरांच्या डॉक्टरांनी साफ करून वाचवली, पण ते परत बघायचं नाहीये मला.

तर तयारी. कातरीला आदल्या दिवशीच धार लावून ठेवा, बोथट असली की लोकर तुटत नाही, ओढली जाते. धनुर्वाताच्या लसीचं दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद, भरल्या पोटी पाठीवर टाकलं की पोटाचा भार छातीवर येतो आणि जनावराला श्वास घेता येत नाही. व्यायला आलेली असेल तर तिला आत्ता उलटीपालटी करूच नका. रात्री दव पडत असेल तर पडवीत बांधा, कारण ओल्या लोकरीला कातरी लावायची नाही आणि ओली लोकर गोणीत कुजते. खळं झाडून जुनी ताडपत्री अंथरा, पेंढ्याची काडी लोकरीत गेली की निघता निघत नाही. आयोडीन, करंजेल, स्वच्छ फडकं हाताशी पाहिजे, आणि धरायला एक माणूस, एकट्याने करायला जाऊ नका.

आता खरी मेख, जी मला वाड्यावरच्या मामांनी हात धरून शिकवली. "लोकर वडायची न्हाय, कातडं ताना." लोकर धरून वर ओढली की पातळ कातडी तंबूसारखी वर येते आणि तीच कातरीत सापडते, म्हणून डाव्या हाताने कातडी ताणून सपाट करायची आणि पातं अंगाला चिकटून आडवं चालवायचं. सडांजवळ बोटं ठेवून सड झाकायचे. हात तुपकट होतात, ते लोकरीतलंच तेल, घाबरू नका. कुठे कापलंच तर आयोडीन, आणि आजूबाजूला करंजेल म्हणजे माशी बसत नाही.

पोटाची नि शेपटीकडची घाण लोकर वेगळी काढा, काळी आणि पांढरी पण वेगळी. भरायला तागाची गोणीच घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभर पण भरत नाही, पैशासाठी हे करतच नाही मी, पण टाकवत नाही म्हणून गोणी मामांना देतो, त्यांच्याकडे घोंगडीला जाते. तेव्हा वाडा घाट चढायच्या आत कातरणी उरकायचीय. नंतर आठवडाभर मेंढ्या भर दुपारच्या उन्हात सोडू नका, आणि वळवाचं आभाळ आलं तर सरळ गोठ्यात घ्या, उघड्या अंगाला गार पाऊस सोसत नाही.