गांजाबद्दल पेशंटला विचारायचं कसं?

"काही व्यसन वगैरे नाही ना?" नवीन ज्युनियर डॉक्टर हिस्ट्री, म्हणजे पेशंटची माहिती, घेताना हमखास असंच विचारतात. उत्तर आपणच देऊन टाकल्यावर पेशंट बिचारा मान हलवण्यापलीकडे काय करणार?

मी झोप, तंबाखू, दारू असं विचारत त्याच सुरात गांजावर येते. "हे मी सगळ्यांनाच विचारते, औषधं ठरवताना लागतं. वर्षभरात गांजा कधी घेतलात? ओढून, खाऊन, कसाही?" कारण कळलं की माणूस बराच मोकळा होतो. नातेवाईकांना मात्र आधी बाहेर बसवा. आईसमोर खरं सांगणारा मुलगा मला अजून भेटायचाय.

"हो" आलं की चेहरा बदलू देऊ नका. किती, कितीदा, तंबाखूत मिसळून का, हे विचारा. ओढला तर काही मिनिटांत चढतो. खाल्ला तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात काहीच झालं नाही म्हणून लोक आणखी खातात आणि मग धडधड, घाबरगुंडी घेऊन कॅज्युअल्टीत येतात. सगळ्यात मोलाचा प्रश्न म्हणजे "कशासाठी घेता?" झोप, दुखणं, धास्ती, जे उत्तर येईल त्यावर उपचार केल्याशिवाय "सोडा" म्हणण्यात अर्थ नाही.

एक तरुण सारख्या उलट्या होतात म्हणून आला होता. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. मी विचारलं, "गरम पाण्याने अंघोळ केली की बरं वाटतं का?" तो चमकलाच. तासन्‌तास शॉवरखाली उभा राहायचा. वर्षानुवर्षं जवळपास रोज गांजा ओढणाऱ्या काहींना हा त्रास होतो. त्याला कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम म्हणतात. गांजाने मळमळ थांबते असं ऐकून हा गडी उलट जास्तच ओढत होता! गांजा बंद करणं हाच त्यावरचा खरा इलाज, आणि हे त्याला पटायला त्या शॉवरचाच उपयोग झाला.

काही बाबतींत मी गुळमुळीत बोलत नाही. गरोदरपण, अंगावर पाजणं, घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रमांचा मानसिक आजार) असणं, नशेत गाडी चालवणं: इथे स्पष्ट "नको". वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वाढू शकतो, तो तपासा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना कळवा. नियमित घेणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागू शकतं.

सोडायला तयार झालाच, तर पुढचं आधीच सांगून ठेवा. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, भूक मरते. पहिला आठवडा सगळ्यात वाईट. हे माहीत नसलं की "बघा, गांजाशिवाय झोपच येत नाही" म्हणून तो पुन्हा सुरू करतो. म्हणून मी पुढची तारीख त्याच आठवड्यातली देते आणि आल्याआल्या आधी झोपेचं विचारते.