हिंसाचाराने ग्रासलेल्या कुटुंबाचे समुपदेशन कसे करावे

समुपदेशन केंद्रात येणारी बहुतेक कुटुंबे 'घरात पटत नाही' एवढेच सांगत येतात. सासू-सुनेचा वाद, मुलाचे अभ्यासातून उडालेले मन, नवऱ्याचे पिणे किंवा पैशांची ओढाताण अशा एखाद्या तक्रारीआड मारहाण किंवा धाक दडलेला आहे का, हे पहिल्या अर्ध्या तासात क्वचितच कळते. 'संसार म्हटला की भांड्याला भांडे लागणारच' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की सोसणारी स्त्रीही तिचाच आधार घेऊन बोलते. एकात्मिक समुपदेशनात एकाच उपचारपद्धतीला चिकटून न राहता माणसाच्या आणि कुटुंबाच्या गरजेप्रमाणे निरनिराळ्या पद्धतींची सांगड घातली जाते. परंतु ती कोणत्या क्रमाने घालायची हे ठरवण्यापूर्वी त्या घरात कोणाला कोणाची भीती वाटते, हे शोधावे लागते. पुढील मांडणी नव्याने हे काम हाती घेणाऱ्या समुपदेशकांसाठी आणि महिला सहायता केंद्रांतील कार्यकर्त्यांसाठी आहे.

पहिली भेट प्रत्येकाची स्वतंत्र

पती-पत्नी जोडीने आले, सोबत सासूबाई किंवा माहेरचे काका आले, तरी पहिली भेट प्रत्येकाची स्वतंत्र घ्यावी. ही पद्धत सर्वांसाठी सारखीच ठेवावी आणि तसे आरंभीच सांगावे, म्हणजे एकट्या सुनेला आत बोलावल्याचा संशय कोणाला येत नाही. सुरुवातीच्या काळात मी हा नियम पाळला नव्हता. दोघांना समोरासमोर बसवले, तिने सगळे मान्य केले, दोघे शांतपणे घरी गेले आणि 'बाहेर का बोललीस' म्हणून त्याच रात्री तिला मार बसला. तिचा होकार भीतीचा होता, हे मला ओळखता आले नव्हते. तेव्हापासून एकत्र बैठकीची घाई मी कधीही केली नाही.

एकटीशी बोलतानाही 'तुमच्यावर हिंसा होते का?' असा प्रश्न उपयोगाचा नसतो. 'नाही हो, तसे काही नाही, रागात एखादी चापट मारतात' असे उत्तर येते आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी घडणाऱ्या गोष्टी विचाराव्यात. 'ताई, भांडण वाढले की पुढे काय होते? पगार कोणाच्या हातात जातो? माहेरी फोन करायला विचारावे लागते का? त्यांनी कधी गळा दाबला आहे का? मनाविरुद्ध जवळ येतात का?' कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे आणि त्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक तसेच आर्थिक छळालाही हिंसाचारच मानले आहे. त्यामुळे 'मारत नाहीत, फक्त खर्चाला पैसे देत नाहीत' हे वाक्यही नोंदवून घ्यावे.

गळा दाबल्याचा उल्लेख आला की थांबावे. बाहेरून वळ दिसत नसला तरी आत सूज वाढू शकते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवून एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस व न्यायालयासाठीची वैद्यकीय) नोंद करून घ्यावी. शस्त्र दाखवणे, जिवे मारण्याची धमकी, गरोदरपणातली मारहाण, दिवसेंदिवस वाढत जाणारा मार आणि नुकतेच घर सोडलेले असणे ही सगळी जिवावरच्या धोक्याची चिन्हे आहेत. 'पाय घसरून पडले' किंवा 'चुकून फिनेल प्यायले' म्हणून दवाखान्यात येणाऱ्या स्त्रीलाही असेच हळूवार विचारावे लागते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून सुरू केलेले 'दिलासा' केंद्र याच जाणिवेतून उभे राहिले, कारण जखम घेऊन स्त्री पोलीस ठाण्याआधी दवाखान्यात येते.

सुरक्षिततेची आखणी

धोका दिसला की उपचारपद्धतींचा विचार बाजूला ठेवून तिच्याबरोबर आखणी करावी. वाद पेटला तर स्वयंपाकघरात थांबू नये, कारण तिथे सुरी आणि शेगडी असते. न्हाणीघरातही अडकू नये, कारण तिथून बाहेर पडायला दुसरी वाट नसते. विश्वासाच्या शेजारणीशी एक खुणेचा शब्द ठरवावा. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, रोजची औषधे आणि थोडी रोकड एका पिशवीत घालून ती पिशवी शक्यतो घराबाहेर, मैत्रिणीकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. मदतीचे क्रमांक तिला तोंडपाठ करायला सांगावे: महिलांसाठी 181, तातडीच्या वेळी 112 आणि मुलांसाठी 1098. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीच्या सरकारी 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळू शकतो, हेही तिला माहीत असावे.

'घर सासूबाईंच्या नावावर आहे, मला काढले तर कुठे जाऊ?' ही भीती मी असंख्य वेळा ऐकली आहे. सामायिक घरात राहण्याचा हक्क वर सांगितलेल्या 2005 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये आहे आणि ते घर सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. शिवाय, स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. समुपदेशकाने वकिली करू नये. मात्र ही माहिती देऊन संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्याची वाट दाखवावी. जायचे की नाही आणि केव्हा, हे तिने ठरवावे.

पद्धतींची सांगड

सुरुवातीला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्रित पद्धतीची वृत्ती सर्वांत उपयोगी पडते: सल्ला न देता ऐकणे आणि तिच्यावर विश्वास ठेवणे. अनेक वर्षे 'तुझेच चुकते' ऐकलेल्या माणसाला आपले म्हणणे कोणी खरे मानते, एवढ्यानेच बोलण्याचे बळ येते. अंगाला कापरे भरणे, झोप उडणे, प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहणे अशी लक्षणे असतील तर श्वासावर लक्ष आणणे, पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घेणे, असे साधे उपाय आधी शिकवावेत. जुन्या आघाताचा तपशील उकरण्याची घाई करू नये. ती अजून त्याच घरात राहत असेल तर मुळीच नाही. आत्महत्येचे विचार असतील तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत त्वरित घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

विवेकनिष्ठ किंवा बोधनिक पद्धत, म्हणजे त्रासदायक विचार तपासून बदलण्याची पद्धत, वापरताना विशेष सांभाळावे लागते. 'मी वाईट आई आहे', 'माझ्यामुळेच घर मोडले' या समजुती तपासून पाहणे योग्य आहे. परंतु 'ते मला मारतील' हा विचार अविवेकी नसतो, तो अनुभवावर आधारलेला असतो आणि त्यालाच विचारदोष म्हणणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होय. कुटुंबोपचारातही हीच खबरदारी हवी. तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष काढला की आजोबांचा धाक, वडिलांचे पिणे आणि मुलाचा राग यांचा संबंध घरच्यांना स्वतःच दिसू लागतो. मात्र 'प्रत्येकाचे वागणे दुसऱ्यावर परिणाम करते' हे सूत्र मारहाणीची जबाबदारी वाटून देण्यासाठी वापरता येत नाही. मारण्याची जबाबदारी मारणाऱ्याचीच.

पुरुषाशी काम करताना त्याचा अपमान करू नये आणि त्याच्या सबबींना मानही डोलावू नये. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांनुसार न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे समर्थन मांडता येत नाही आणि हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी मिळवणे हा त्या समुपदेशनाचा गाभा असतो. दारू हे कारण पुढे आले तर व्यसनमुक्तीचे उपचार स्वतंत्रपणे सुरू करावेत. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्था हे काम अनेक वर्षे करत आहेत. पण पिणे सुटले म्हणजे मारणे सुटले, असे गृहीत धरू नये.

एकत्र बैठक तिने स्वतः मागितली, मारहाण बऱ्याच काळापासून पूर्ण थांबल्याचे तिच्याकडून एकांतात कळले आणि त्याने आपल्या वागण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत स्वीकारली, तरच ठेवावी. नातेवाइकांच्या आग्रहाखातर तिला नांदायला पाठवण्यासाठी ती कधीही ठेवू नये.

मुलांशी चित्रे किंवा खेळ यांच्या आधारे वेगळे बोलावे आणि आईबाबांपैकी कोण चुकले, हे त्यांना विचारू नये. बोलण्याआधी गोपनीयतेची मर्यादा सांगावी, कारण मुलावरील लैंगिक अत्याचार कळल्यास पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

नोंदी तिच्याच शब्दांत, तारखांसह लिहाव्यात, कारण त्या पुढे न्यायालयात मागवल्या जाऊ शकतात. घर सोडल्यानंतरचे काही महिने सर्वांत जोखमीचे असल्याने त्या काळात संपर्क तुटू देऊ नये. फोन तिने सांगितलेल्या वेळीच करावा आणि दुसऱ्या कोणी उचलला तर आधी ठरवून ठेवलेले निमित्त सांगावे, शिवणाच्या मापाचे किंवा बचत गटाच्या हप्त्याचे. केंद्राचे नाव घेऊ नये आणि तिच्या मोबाइलवर संदेशही ठेवू नये.