'सर, रन झाला!': सी शिकणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका

फर्स्ट इयरच्या सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सर, रन झाला!" त्याच्या खालोखाल, "सर, घरी चालत होता." डिप्लोमा आणि बीसीएच्या मुलांची प्रॅक्टिकल्स मी बरीच वर्षं घेतोय आणि या दोन्ही वाक्यांमागे एकच समजूत दिसते, ती म्हणजे चालला की बरोबर. पायथॉन किंवा जावात ती बऱ्यापैकी खपून जाते, कारण ॲरेच्या (एकाच प्रकारच्या किमतींच्या रांगेच्या) बाहेर पाऊल टाकलं की तिथे भाषाच कान पकडते. सी पकडत नाही. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली. युनिक्स पुढे तिच्यातच लिहिलं गेलं, आणि लिहिणाऱ्याला आपण काय करतोय ते कळतं हे तिने तेव्हापासून गृहीतच धरलंय. तुम्ही सांगाल ते ती करते, चुकीचं सांगितलंत तरी करते. म्हणून खाली जे लिहितोय ते नुसत्या चुकांबद्दल नाही, त्या चुका लपून कशा राहतात आणि त्यांना बाहेर कसं काढायचं याबद्दल आहे.

आधी हत्यारांचं बघू. अनेक कॉलेजांत अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरची (आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमची) निळी स्क्रीन आहे, जुनी डॉस सिस्टिम उभी करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालवलेली. ते सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यात इंट (पूर्णांक ठेवणारा प्रकार) दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे मजल नाही. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम तिथे ७ पर्यंत नीट उत्तर देतो आणि ८ ला ४०३२० ऐवजी -२५२१६ छापतो. तोच प्रोग्रॅम जीसीसी या आजच्या कंपायलरवर १२ पर्यंत ठीक चालतो. १३ टाकलं की १९३२०५३५०४ येतं, तेही चूकच, पण त्याच्यामागे वजाचं चिन्ह नाही. उणे उत्तर पाहून मुलं निदान चपापतात. हे दुसरं उत्तर भरभक्कम दिसतं, म्हणून थेट जर्नलमध्ये उतरतं. इंटऐवजी लाँग लाँग हा मोठा प्रकार घेतलात तर २० पर्यंत जाता येतं, त्यापुढे तोही पुरत नाही.

कॉलेजात टर्बो सीची सक्ती असेल तर जर्नलपुरतं वापरा, वाद घालू नका. घरी मात्र जीसीसी किंवा क्लँग हा तसाच दुसरा कंपायलर घ्या. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या ॲपमध्ये क्लँग बसतो, आणि पहिल्या वर्षाचे प्रोग्रॅम त्यावर आरामात होतात. व्हॉइड मेन, कोनिओ हेडर, क्लिअरस्क्रीन, शेवटी गेटसीएच हे सगळं टर्बो सीचं सामान, ते तिथेच सोडा. मेनच्या आधी इंट लिहा.

आणि कंपायलरला बोलतं करा. जीसीसी नुसताच चालवला तर बऱ्याच गोष्टी तो पोटात ठेवतो. कमांडमध्ये डॅश, त्याला लागून कॅपिटल डब्ल्यू आणि ऑल, एवढं जोडलं की वॉर्निंग यायला लागतात. नावात 'ऑल' असलं तरी सगळ्या येत नाहीत, म्हणून शेजारी डब्ल्यू-एक्स्ट्राही लावा. पुढच्या निम्म्याअधिक चुका एवढ्यानेच उघड्या पडतात. "वॉर्निंगच आहे सर, एरर नाही" असं म्हणणाऱ्याचं सबमिशन मी परत करतो.

एरर वाचायची एकच रीत सांगतो. पडदाभर एरर आल्या तरी फक्त पहिली बघायची, ती दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. एक कंस राहिला की खालच्या चांगल्या ओळीही कंपायलरला चुकीच्या वाटू लागतात. सेमीकोलन राहिला तर टर्बो सी बहुधा पुढच्या ओळीवर बोट ठेवतो, तेव्हा दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर वरची ओळ बघा.

आता स्कॅनएफ, म्हणजे कीबोर्डवरून इनपुट वाचणारं फंक्शन. पहिल्या महिन्यात रडवणारं हेच. व्हेरिएबलच्या आधी & टाकायचं राहतं, हे सगळ्यांना सांगितलेलं असतं, पण का टाकायचं ते क्वचित सांगितलं जातं. स्कॅनएफला किंमत नको असते, ती कुठे ठेवायची तो पत्ता हवा असतो. & नसेल तर व्हेरिएबलमध्ये पडलेला कचरा हाच पत्ता समजून तो तिथे लिहायला जातो. लिनक्सवर बहुतेक वेळा सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. डॉसमध्ये अडवणारंच कोणी नसायचं, त्यामुळे आकडा मेमरीत भलतीकडे पडायचा आणि प्रोग्रॅम पुढे चालायचा, फार तर शेवटी 'नल पॉइंटर असाइनमेंट' असा संदेश. "घरी चालत होता"चा उगम बरेचदा इथे असतो.

दुसरा घोटाळा मेनूवाल्या प्रोग्रॅममध्ये. आकडा विचारला, मग "पुढे चालू ठेवायचं का, वाय की एन?" असं विचारून उत्तर परसेंट सीने, म्हणजे एक अक्षर वाचायच्या खुणेने, घ्यायचं ठरवलं, आणि प्रोग्रॅम उत्तराची वाट न बघता पुढे पळाला. झालं असं, की आकड्यानंतर दाबलेला एंटर अजून बफरमध्ये, म्हणजे इनपुटच्या तात्पुरत्या साठ्यात, बसला होता. आकडा वाचणारा परसेंट डी तो तिथेच सोडतो. परसेंट सीला मात्र एंटर हेही एक अक्षरच, त्याने ते उचललं. उपाय अगदी साधा: परसेंट सीच्या आधी अवतरणचिन्हाच्या आत एक मोकळी जागा सोडा, म्हणजे स्पेस, एंटर सगळं गिळून पुढचं खरं अक्षर वाचलं जातं. सीनियरांच्या जर्नलमधून आलेला एफफ्लश-एसटीडीइन हा तोडगा वापरू नका. इनपुटवर एफफ्लशने काय करावं हे सीच्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. विंडोजवर तो चालून गेला म्हणून लिनक्सवर चालेलच असं नाही.

स्कॅनएफ एक आकडा परत देतो, किती गोष्टी नीट वाचल्या त्याचा. तो कुणी तपासत नाही. व्हायवाला मी मुद्दाम वयाच्या जागी नाव टाइप करतो. लूप असेल तर तोच मेनू धबधब्यासारखा वाहायला लागतो, कारण परसेंट डीने नाकारलेली अक्षरं हललेलीच नसतात आणि दर फेरीला तीच पुन्हा समोर येतात. डबल, म्हणजे अपूर्णांक ठेवणारा प्रकार, वाचताना परसेंट एलएफ लागतो, छापताना परसेंट एफ चालतो. हा फरक पाठच करा.

गुणपत्रिकेच्या प्रोग्रॅमवर जरा थांबतो, कारण तो प्रत्येकाच्या जर्नलमध्ये असतो. ५०० पैकी ४३७ गुण, टक्केवारी काढा. मुलगा लिहितो ४३७ / ५०० * १०० आणि उत्तर येतं शून्य. दोन्ही बाजूंना इंट असले की भागाकारही इंटच, अपूर्णांक छाटला जातो, म्हणून पहिल्या पायरीलाच शून्य झालं. कुणी हुशारीने आधी गुणतो: ४३७ * १०० / ५००. जीसीसीवर ८७ येतात, वरचे ०.४ गेले. टर्बो सीवर मात्र हाच हिशेब -४३ टक्के दाखवतो! ४३७०० हा आकडा दोन बाइटमध्ये मावत नाही, तो उलटून -२१८३६ होतो आणि त्याला ५०० ने भागलं जातं. नापास झालेलाही यापेक्षा वर असतो. या आधी गुणणाऱ्या ओळीतच १०० च्या जागी १००.० लिहा, उत्तर डबलमध्ये घ्या, ८७.४ मिळतील.

इफच्या कंसात == ऐवजी = पडणं ही चूक सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी सगळ्यांकडून होते. निवड = १ लिहिलं की तुलना होत नाही, निवडमध्ये १ जातो आणि अट कायम खरी ठरते. ही नवशिक्यांची फालतू चूक वाटत असेल तर ऐका. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या कोडच्या एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. त्यात युजर आयडी शून्य आहे का असं विचारल्यासारखं दिसत होतं, पण चिन्ह एकच = होतं. म्हणजे ती अट चालवणारा माणूस थेट रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, झाला असता. बदल वेळीच पकडला गेला. डब्ल्यू-ऑल लावलं की इफमधल्या साध्या = वर जीसीसी स्वतःहून बोट ठेवतो. त्या ओळींत मात्र त्या भागाभोवती जादा कंस होता, आणि तसा कंस दिसला की हेतू मुद्दाम आहे असं समजून तो गप्प बसतो.

इफ किंवा फॉरच्या कंसानंतर लगेच सेमीकोलन आणि महिरपी कंस न देणं या दोन्ही एकाच कुळातल्या. डोळ्याला समास दिसतो, कंपायलरला दिसत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीचा अपडेट काढावा लागला. सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या सी कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. इफला महिरपी कंस नव्हता, त्यामुळे दुसरी ओळ अटीबाहेर पडली, दर वेळी चालली आणि पुढची तपासणी टळत राहिली. एका ओळीचा इफ असला तरी महिरपी कंस द्या.

बेरजेच्या व्हेरिएबलला सुरुवातीला शून्य न देणं, फॉरमध्ये < ऐवजी <= लिहून ॲरेच्या एक घर पुढे जाणं, हे तुम्हाला वर्गात सांगितलंच असेल. त्यात भर एवढीच, की ॲरेबाहेर लिहिलेलं बरेचदा शेजारच्या व्हेरिएबलमध्ये जाऊन बसतं. लूपचा काउंटरच शेजारी असेल तर लूप संपतच नाही, आणि मुलं तास घालवून अट तपासत बसतात.

स्ट्रिंगची गोष्ट निराळी. सीमध्ये स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची रांग आणि शेवटी शून्य किमतीचं एक अक्षर. त्या शून्याला जागा लागते हे विसरलं जातं. आता गंमत बघा. नावासाठी १० अक्षरांचा कॅरेक्टर ॲरे घ्या आणि टर्मिनलवर मराठीत 'सागर' टाइप करा. लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनला विचारलंत तर तो १२ म्हणतो! यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि स, काना, ग, र अशी इथे चार चिन्हं आहेत. शेवटच्या शून्यासह १३ बाइट, ॲरे १० चा. चार चिन्हांच्या नावाने मेमरी ओलांडली.

म्हणून स्ट्रिंग वाचणारा परसेंट एस मर्यादा न घालता मोकळा सोडू नका आणि पूर्ण ओळ वाचणारा गेट्स तर वापरूच नका. गेट्सला ॲरे किती मोठा आहे हे सांगायची सोयच नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेला मॉरिस वर्म हा स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम युनिक्स मशीनमध्ये शिरला त्या वाटांपैकी एक हीच होती: फिंगर सेवेचा प्रोग्रॅम गेट्सने ५१२ बाइटच्या बफरमध्ये वाचत होता. २०११ च्या स्टँडर्डमधून गेट्स काढून टाकला गेला, तरी आपल्याकडच्या प्रश्नपत्रिकांत तो भेटतो. एफगेट्स घ्या, त्याला आकार सांगावा लागतो. तो शेवटचा एंटरही सोबत ठेवतो, तेवढा काढून टाका. आणि दोन स्ट्रिंगची तुलना == ने करू नका, ती पत्त्यांची होते; स्ट्रसीएमपी वापरा, सारख्या असतील तर तो शून्य देतो.

पॉइंटरची, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलची, भीती बाळगणाऱ्यांना मी कीबोर्डवरून उठवून कागद देतो. चौकोन काढा, आत किंमत, खाली पत्ता, पॉइंटरचा चौकोन वेगळा. इंट स्टार पी लिहून लगेच त्याच्या आत ५ ठेवायला गेलात की कागदावरच दिसतं, बाण कुठेच पोचत नाही. फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत देणं, फ्री केलेली मेमरी पुन्हा वापरणं, हे दोन्ही असेच बाण, समोरचं घर पाडून टाकलेले. ॲरे फंक्शनला दिला की पत्ताच जातो. म्हणून फंक्शनच्या आत साइझऑफने घरं मोजली तर ६४ बिट मशीनवर इंटच्या कितीही मोठ्या ॲरेला उत्तर २ येतं, पत्त्याचे ८ बाइट भागिले इंटचे ४. लांबी वेगळी पाठवा.

कागदाने भागलं नाही तर ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारी कंपायलरची सोय. लिनक्सवर किंवा विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलवर कंपाइल करताना डॅश जी आणि एफ-सॅनिटाइझ बरोबर ॲड्रेस असे दोन स्विच द्यायचे. ॲरेबाहेर किंवा फ्री केलेल्या मेमरीत हात घातलात की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो आणि फाइलचं नाव, ओळीचा नंबर छापतो. वर सांगितलेला काउंटरचा तासाभराचा शोध मिनिटावर येतो. बॅचमधल्या कुणालाही विचारा, हे एकदा वापरलं की सोडवत नाही.

राहिला आय = आय++ + ++आय. प्लेसमेंटच्या एमसीक्यूत आणि व्हायवात हा हटकून येतो. आउटपुट काय? स्टँडर्डच्या भाषेत याला अर्थच नाही. एकाच ओळीत एकच व्हेरिएबल असं वारंवार बदललं तर कंपायलरने काहीही केलं तरी चालतं. टर्बो सी एक आकडा देईल, जीसीसी कदाचित दुसरा. पर्यायांत 'अनडिफाइन्ड' असेल तर डोळे झाकून तो निवडा. नसेल तर तुमच्या पुस्तकात छापलेलं उत्तर लिहा, मार्क घ्या, आणि बाहेर येऊन तीच ओळ डब्ल्यू-ऑल लावून कंपाइल करा. जीसीसी काय म्हणतो ते तेव्हा वाचा.