मोफत वकिलांचं नेटवर्क चालवताय? या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यात फी न घेता केस लढायला वकील तयार होत नाहीत, ही तक्रार खरी नाही. ठाणे, कल्याण, भिवंडी, बेलापूर, कुठल्याही बाररूममध्ये जाऊन मनापासून विचारा, चार चांगले वकील नाव देतात. अडचण सुरू होते ती सहा महिन्यांनी. यादीत नावं असतात, केसेस नोंदलेल्या असतात, पण एखाद्या केसची पुढची तारीख कधी आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

याचं कारण वकिलांची नियत नव्हे. फी भरणारा पक्षकार हक्कानं फोन करतो, "साहेब, काल काय झालं?" म्हणून विचारतो, नाही पटलं तर वकील बदलतो. मोफत वकील मिळालेली बाई असं करत नाही. तिला वाटतं, एवढ्या मोठ्या माणसानं आपली केस फुकट घेतली, आता वर प्रश्न कुठे विचारायचे? तिनं न विचारलेला प्रश्न तिच्या वतीनं विचारणं हे नेटवर्क चालवणाऱ्याचं पहिलं काम आहे. खाली दिलेल्या बहुतेक चुका हे काम सुटल्यामुळे होतात.

केस संस्थेकडे आहे, पण वकील कोण?

न्यायालय तुमच्या संस्थेला ओळखत नाही. वकीलपत्र व्यक्तीच्या नावानं असतं. "ही केस आपल्या नेटवर्ककडे आहे" हे वाक्य बैठकीत ऐकायला बरं वाटतं, पण त्यानं तारखेला कोर्टात कुणी उभं राहत नाही. प्रत्येक वकीलपत्रावर दोन नावं हवीत, एक अनुभवी आणि एक ज्युनियर. सीनियर हायकोर्टात अडकले तर ज्युनियरनं मुदत न मागता काम पुढे न्यायचं, हे आधीच ठरलेलं असावं.

नोंदवहीत पक्षकाराच्या नावापुढे सोळा अंकाक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, लिहा. तो असला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख, मागच्या तारखेला झालेलं काम आणि आदेश, सगळं तुम्हाला स्वतः पाहता येतं. वकिलावर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. आठवड्यातून एकदा एका माणसानं सगळे नंबर तपासले, की फोन कुणाला करायचा ते कळतं.

वकील येईनासा झाला तर काय? आधी सरळ विचारा. आजारपण असेल, घरची अडचण असेल. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे एकदा घेतलेलं काम पुरेशा कारणाशिवाय आणि रीतसर सूचना न देता सोडता येत नाही, आणि फी घेतली नाही म्हणून हा नियम सैल होत नाही. दुसरा वकील उभा करायचा असेल तर आधीच्या वकिलाची संमती, म्हणजे एनओसी, लागते. ती मिळाली नाही तर न्यायालयाकडे परवानगी मागता येते. आधीचा वकील खासगी असेल आणि "माझी फी बाकी आहे, फाइल देणार नाही" म्हणत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा आर. डी. सक्सेना निकाल दाखवा. थकीत फीसाठी पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे.

जामीन झाला, पण माणूस आतच

माझ्या मते सगळ्यात गंभीर चूक हीच. जामिनाचा आदेश झाला की वकील आनंदानं ग्रुपवर कळवतो, सगळे अभिनंदन करतात, वहीत "निकाली" असा शेरा पडतो. आणि भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा, उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेला मुलगा ठाण्याच्या किंवा तळोजाच्या कारागृहात तसाच बसून राहतो. त्याला या जिल्ह्यात जामीनदार कुठून मिळणार? रेशनकार्ड, पगाराची स्लिप, घराची कागदपत्रं घेऊन त्याच्यासाठी उभा राहील असा माणूस इथे त्याला नसतो.

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं यावर नेमके निर्देश दिले आहेत. जामिनाच्या आदेशाची सॉफ्ट कॉपी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ईमेलनं गेली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं आहे. महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे, असंही तिथे नोंदवलं आहे.

तेव्हा वहीत "जामीन मंजूर" आणि "प्रत्यक्ष सुटका" असे दोन वेगळे रकाने ठेवा. आदेशानंतर आठव्या दिवशी दुसरा रकाना रिकामा असेल तर त्याच दिवशी अट बदलण्याचा अर्ज तयार झाला पाहिजे. तात्पुरता रोख जामीन, रकमेत कपात, गावाकडच्या नातेवाइकाचा जामीन, जे शक्य असेल ते मागा.

याच्याशी जोडलेली आणखी एक बाब. आरोपपत्र साठ दिवसांत, किंवा फाशी, जन्मठेप अथवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण त्यासाठी आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. एका दिवसाचा उशीर झाला तरी हक्क जातो. पहिल्या रिमांडची तारीख हातात आली की साठावा आणि नव्वदावा दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवायचा. तसंच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४७९ बघा. आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, इतरांनी निम्मा, तर सुटकेचा मार्ग मोकळा होतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. हे कलम जुन्या केसेसनाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्येच सांगितलं आहे. तरीही कुणीतरी अर्ज हातात घेऊन उभं राहिल्याशिवाय अनेकांची फाइल हलत नाही.

हद्द न तपासता वकील पाठवणं

नवी मुंबईत ही गफलत सारखी होते. दिघा, ऐरोलीपासून वाशी, नेरूळ, बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगडमध्ये. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे एकच, नवी मुंबईचं. त्यामुळे खारघरच्या बाईला बेलापूरच्या वकिलाकडे पाठवलं जातं, पण तिचा फौजदारी विषय पनवेल न्यायालयाचा असतो आणि विधी सेवा प्राधिकरण अलिबागचं. तळोजा कारागृह रायगडमध्ये आहे, पण तिथला कैदी मुंबईच्या कोर्टाचाही असू शकतो. आधी गुन्हा कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदला ते विचारा आणि मगच वकील ठरवा.

उलट बाजूनं, जिथे कायदा सवलत देतो तिथे बाईला उगाच लांब धाडू नका. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज ती कायमची किंवा तात्पुरती राहते तिथेही करता येतो. सासर नाशिकला असलं आणि ती दिव्याला भावाकडे आली असली, तर तिची केस ठाण्यात चालू शकते. सासरच्या छळाच्या गुन्ह्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या रूपाली देवी निकालानं हीच वाट मोकळी केली आहे.

सरकारी विधी सेवेला ओलांडून जाणं

"सरकारी वकील नको, आमचे वकील चांगले" हा सूर मला पटत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. फौजदारी केसेससाठी लोक अभिरक्षक कार्यालयात पूर्णवेळ वकील नेमलेले असतात.

तुमचं नेटवर्क या व्यवस्थेला समांतर उभं करू नका. एकाच आरोपीसाठी लोक अभिरक्षकांचा एक जामीन अर्ज आणि तुमचा दुसरा, असं झालं तर नुकसान आरोपीचंच होतं. पक्षकार आला की पहिला प्रश्न विचारा, "ताई, आधी कुठे अर्ज केला होता का?" जिथे प्राधिकरणाचा वकील नीट काम करतोय तिथे मागे राहा. तुमच्या वकिलांचा वेळ खरा लागतो तो कोर्टाबाहेरच्या कामाला. प्रांत कार्यालय, कामगार आयुक्त, महापालिका, पोलीस ठाणं, असे हेलपाटे घालायला नेमलेला माणूस नसतो.

वीटभट्टीच्या हंगामात तारीख

शहापूर-मुरबाडकडच्या कातकरी कुटुंबांच्या केसेस घेतल्या तर त्यांच्या वर्षाचं वेळापत्रक तुमच्या डायरीत उतरलंच पाहिजे. पावसाळ्यात माणसं वाडीवर असतात. दिवाळीनंतर उचल (आगाऊ रक्कम) घेऊन भट्टीवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत साक्षीची तारीख लागली की वकील म्हणतो, "पक्षकार संपर्कात नाही." तो नेहमीप्रमाणे कामावर गेला आहे, त्यात त्याचा दोष नाही. प्रतिज्ञापत्रं, अंगठे, आधारच्या प्रती, हे सगळं दिवाळीआधी वाडीवर जाऊन करून घ्या. मोबाइल नंबर बदलतात, म्हणून वाडीतली आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेचे गुरुजी, असे दोन कायमचे नंबर फाइलवर हवेत. मुकादमाचा नंबर संपर्क म्हणून कधीही लिहू नका. निरोप त्याच्यामार्फत गेला की मालकापर्यंत पोचलाच.

वेठबिगारीच्या प्रकरणात गुन्हा नोंदवून थांबणं ही दुसरी चूक. १९७६ च्या कायद्याखाली जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडून मुक्तता प्रमाणपत्र मिळवावं लागतं. त्या कागदाशिवाय पुनर्वसनाची मदत सुरू होत नाही. आणि उचल ही वेठबिगारीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ प्रमाणे धनकोवर, म्हणजे उचल देणाऱ्यावर, आहे. हे कलम नव्या वकिलांना सांगून ठेवा. कामगाराकडे पुरावा मागत बसण्याची सवय त्यानं सुटते.

गटारात किंवा सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये मृत्यू झाला तर तिथेही हेच. गुन्ह्याचा खटला वर्षानुवर्षं चालतो, पण भरपाईचा हक्क वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात ती १० लाख होती, २० ऑक्टोबर २०२३ च्या बलराम सिंग निकालानं मैल्याच्या गटारातील मृत्यूसाठी ३० लाख केली. ठेकेदार हातात काही हजार ठेवून कोऱ्या कागदावर सही घ्यायला येतो, त्याच्या आधी तुमचा माणूस त्या घरी पोचायला हवा.

ग्रुपवर टाकलेलं सगळ्यांचं होतं

"पंधरा वर्षांची मुलगी, अमुक चाळ, अमुक शाळा, कोण घेईल?" असा मेसेज वकिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की तिची ओळख उघड झालीच. पोक्सो या बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली बालकाची आणि लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. ग्रुपवर फक्त न्यायालय, विषय आणि तारीख टाका. बाकी सगळं ठरलेल्या वकिलाला फोनवर. पक्षकारानं वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना कायद्याचं संरक्षण आहे, ते वकिलाच्या कारकुनाला आणि दुभाष्यालाही लागू होतं. संस्थेच्या कार्यकर्त्याला ते तसंच मिळेल असं गृहीत धरू नका. नाजूक गोष्टी बोलताना कार्यकर्त्यानं बाहेर बसावं.

शिबिरातून पक्षकार पळवणारे

असे थोडेच असतात, पण एकानंही नेटवर्कचं नाव जातं. मोफत शिबिरात अपघाताचा दावा दिसला की बाजूला घेऊन "भरपाईतले इतके टक्के" ठरवायचे, हा प्रकार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकिलाला दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, कामासाठी जाहिरातही करता येत नाही. नेटवर्कमध्ये येतानाच लेखी घ्या: इथून आलेल्या पक्षकाराचं कुठलंही काम मी पैसे घेऊन करणार नाही. हे मोडलं तर नाव लगेच काढा, माणूस कितीही ज्येष्ठ असो.

मोफत म्हणजे काय तेही पहिल्याच दिवशी सांगा. फी नाही, पण टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, नक्कल यांचा खर्च कोण करणार? तो संस्थेनं करावा असं माझं ठाम मत आहे, आणि ज्युनियरचं गाडीभाडंही. मुरबाडला एसटीनं जाणाऱ्या नव्या वकिलाकडून खिशातले पैसे घालण्याची अपेक्षा ठेवली तर तो तिसऱ्या तारखेला येणार नाही. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्ता अशा बाबतीत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. तरी काही ठिकाणी ती भरून घेतली जाते, ते तपासा.

संस्थेच्या कागदांबद्दल थोडक्यात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. परदेशी नागरिक असलेल्या मित्रानं दिलेली देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घ्यायची नाही, रक्कम कितीही छोटी असो.

नाही म्हणायला उशीर

प्रत्येक केस घेता येणार नाही. पण "बघतो, वकील मिळाला की कळवतो" म्हणून लोकांना टांगून ठेवू नका, कारण तेवढ्यात मुदत निघून जाते. कौटुंबिक हिंसाचाराच्या आदेशावर अपील ३० दिवसांत करायचं असतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार ३ महिन्यांत. नकार द्यायचा तर आठवड्याच्या आत, लेखी, मराठीत द्या. त्यावर शेवटची तारीख ठळक लिहा, प्राधिकरणाच्या कार्यालयाचा पत्ता आणि १५१०० हा नंबर द्या, आणि मूळ कागदपत्रं मोजून परत केल्याची सही घ्या.